रजिस्टरातली मंडळी, बाकांवरची मंडळी

आमच्या लूथरन मंडळीचं, म्हणजे बेळगावातल्या आमच्या चर्चच्या सभासदांचं, रजिस्टर आणि आमची बाकं यांचा मेळ माझ्या आठवणीत कधी बसलेला नाही. रजिस्टर उघडलं तर वाटावं, रविवारी उभं राहायलाही जागा मिळायची नाही. प्रत्यक्षात पाळकसाहेब "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणतात तेव्हा उत्तर देणारे आवाज मोजके, ओळखीचे आणि बहुतेक साठीच्या पुढचे. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मात्र मागच्या अंगणात ताडपत्री बांधून खुर्च्या मांडाव्या लागतात. मी पंच कमिटीची सेक्रेटरी. रजिस्टर माझ्याच कपाटात असतं आणि दरवर्षी वरच्या कार्यालयाला जाणारा तक्ताही मीच भरते, त्यामुळं ही तफावत माझ्याइतकी कुणाला टोचली नसेल.

मग एकदा वरून परिपत्रक आलं. प्रत्येक मंडळीने पुढच्या पाच वर्षांची आपली दृष्टी लिहून पाठवावी. मथळे दोन: शिष्यत्वात वाढ, उपासनेच्या उपस्थितीत वाढ. त्यासाठी शिबिरही झालं. चार्ट पेपर, रंगीत स्केचपेन, गटचर्चा, मधे उप्पीट आणि चहा. आमच्या गटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाच वर्षांत उपस्थिती दुप्पट'. टाळ्या पडल्या. कशी, ते कुणी विचारलं नाही.

तो कागद कमिटीपुढं आला तेव्हा आमचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "१५३० साली जर्मनीत ऑग्सबर्गला आपल्या लूथरन लोकांनी मंडळी म्हणजे काय ते लिहून दिलंय. सुवार्ता शुद्ध शिकवली जाते आणि बाप्तिस्मा-प्रभुभोजनाचे संस्कार नीट दिले जातात, तिथं मंडळी. किती डोकी, ते त्यात नाही." यावर खजिनदार म्हणाले, "लाईट बिलाला डोकी लागतात की ओ गुरुजी." सगळे हसले. पण दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि त्या दिवशी दुप्पटचा चार्ट पेपर गुंडाळून कपाटावर गेला तो अजून तिथंच आहे.

आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बेळगावात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना कॅम्पातलं सेंट मेरी चर्च आठवतं नाहीतर मेथडिस्ट. १८२० मध्ये लंडन मिशन इथं आलं, पुढं त्यांचं काम मेथडिस्टांकडं गेलं. म्हणून गावात त्यांची मुळं जुनी. लूथरन वळण आमच्याकडं आलं ते खालून, दक्षिणेकडून, स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनच्या बाजूने. १८३४ ला मंगळूर, १८३७ ला धारवाड, मग हुबळी, गदगजवळचं बेटगेरी असं ते मिशन वर सरकत आलं. त्यात लूथरन आणि रिफॉर्म्ड या दोन्ही प्रॉटेस्टंट पंथांचे मिशनरी होते. बेटगेरीची काही विणकर कुटुंबं कामाच्या शोधात बेळगावला आली, इथल्या आणि खानापूर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या, आणि उपासना मराठीत होऊ लागली. त्यामुळं आमच्या म्हाताऱ्या बायकांना दहा आज्ञा कन्नडात पाठ आणि भजनं मराठीत. नव्या पाळकांना याचा उलगडा व्हायला वर्ष जातं.

दृष्टी लिहायच्या आधी रजिस्टर साफ करायचं ठरलं. वाटलं, दोन संध्याकाळींचं काम. पण एकेका नावावर चर्चा व्हायला लागली. वारलेल्यांची नावं कमी करणं सोपं. लग्न होऊन गडहिंग्लज-कोल्हापूरला गेलेल्या मुलींचे दाखले कुणी मागितलेच नव्हते, तेही निस्तरलं. खरी अडचण पुण्याला, बेंगळूरला, गोव्याच्या हॉटेलांत, आखातात गेलेल्या पोरांची. "नाव काढलंत तर तो परत कुठं येणार?" असं एक आई मला म्हणाली, आणि तिच्यापुढं पेन उघडायची माझी छाती झाली नाही. शेवटी बाहेरगावची वही वेगळी केली. त्यातल्या प्रत्येकाला इथल्या कुणीतरी महिन्यातून एकदा फोन करायचा. या वहीचा उपस्थितीला काडीचा उपयोग नाही. पण आज मला विचाराल तर सगळ्या कामात सर्वांत नियमित चाललेली गोष्ट तीच.

मोजायची रीतही ठरवली. दुसऱ्या गीताच्या वेळी मागच्या दाराशी उभं राहून मोजायचं, मुलं धरून. महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, त्या दिवशी गर्दी जास्त, म्हणून तो वेगळ्या रकान्यात. नाताळ आणि पुनरुत्थान सरासरीत धरायचं नाही, यावर वाद झाला, कारण ते दोन दिवस गेले की तक्ता केविलवाणा दिसतो. दिसू दे म्हटलं. वर्षभराचे आकडे एका कागदावर आले तेव्हा जून-जुलैचा खड्डा ठळक दिसला. खानापूर भागात भाताची रोप लावण आणि पावसाचा जोर एकाच वेळी. देसूर, इदलहोंड, गणेबैलकडची माणसं त्या दिवसांत बेळगावला कशी येणार? आम्ही मात्र दर पावसाळ्यात पुलपीटावरून त्यांच्या विश्वासाला थंडी आली म्हणून ऐकत आलो होतो.

त्यानंतर घरोघर भेटी. दोघादोघांनी जायचं, कमिटीतला एक आणि कमिटीबाहेरचा एक. बायबल न्यायचं, पण आधी ऐकायचं. 'रविवारी का येत नाही' हा प्रश्न विचारायचा नाही, अशी पाळकसाहेबांची ताकीद. विचारायचं ते एवढंच, की घरात प्रार्थना केव्हा होते, कोण म्हणतं, आणि मंडळीकडून काय हवंय. ही ताकीद मोलाची ठरली. का येत नाही असं विचारलं की माणूस कारण देतो. घरातल्या प्रार्थनेबद्दल विचारलं की गप्प होतो, आणि मग हळूहळू खरं सांगतो.

काय काय ऐकलं! आमच्या मुली नर्सिंगला पुष्कळ. त्यांची सुट्टी फिरती, रविवार महिन्यातून एखादा. टिळकवाडीतल्या लेले मैदानावरची रविवारची क्रिकेट, त्यावर पाळकसाहेबांचाही इलाज नाही. एक तरुण जोडपं दुसरीकडच्या प्रार्थना हॉलमध्ये जातं, तिथं गिटार-ड्रम आहेत आणि कुणी त्यांना 'अमक्याचा पोरगा' म्हणून ओळखत नाही. नववीतली एक मुलगी म्हणाली, "आंटी, गीताचं पुस्तक मला वाचायला येत नाही." इंग्रजी शाळा, दुसरी भाषा कन्नड, देवनागरी हिंदीपुरती आणि तीही अडखळत. कडवं संपेपर्यंत ती दुसऱ्या ओळीवर. मी स्वतः मराठी शाळेत शिकवते, माझ्या वर्गातला पट दरवर्षी कमी होतो, तरी ही गोष्ट माझ्या समोरच्या बाकावर बसलेली मला दिसली नव्हती.

आणि वर्गणी. हे कुणी पहिल्या भेटीत बोललं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चहाला निघालं. वार्षिक सभेआधी थकबाकीदारांची नावं वाचून दाखवायची आमच्याकडं जुनी रीत. बाकी असेल तर मत नाही. मच्छेच्या कारखान्यातलं काम सुटलेला एक जण म्हणाला, "नाव वाचलं तेव्हा पोरगं शेजारी बसलेलं. त्यानंतर नाही आलो." आम्ही अशी घरं 'थंड' म्हणून खूण करत होतो. खजिनदारांनी, म्हणजे ज्यांनी लाईट बिलाचा मुद्दा काढला होता त्यांनीच, यादी वाचणं बंद करायचा ठराव मांडला. आता बाकीची चिठ्ठी पाकिटात घालून हातात दिली जाते. वर्गणी त्यामुळं कमी झाली नाही. वाढली म्हणायलाही मी धजत नाही.

एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट ठेवली. वाढ म्हणजे आपल्याच बाप्तिस्मा झालेल्या, आपल्याच रजिस्टरातल्या माणसांची. २०२१ च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं, २०२२ मध्ये कायदा झाला. २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं, पण माणसांच्या मनातली धास्ती मंत्रिमंडळाच्या निर्णयाने जात नाही. घरप्रार्थनेला दहा चपला दारात दिसल्या तरी घरमालक विचारतो, "काय चाललंय?" म्हणून घरप्रार्थना ठेवताना शेजाऱ्यांना आधी सांगायचं, माईक नाही, नऊच्या आत उरकायचं. शेजारच्या काकू आपणहून येऊन बसल्या तर चहा. एवढंच. शिबिरात शिकवलेल्या 'प्रत्येकाने एक आणावा' या घोषणेला आमच्याकडं जागा नव्हती. भीतीपोटी नव्हे फक्त. आपल्याच पोरांना मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं कबुलीवचन, येत नाही आणि आपण कुणाला काय आणणार?

हा मतांगीकाराचा मुद्दा भेटींतच निघाला होता. घरात प्रार्थना कोण म्हणतं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'आजी'. आजी गेलेल्या घरांत उत्तरच नाही. ज्याच्या नावाने आमचा पंथ चालतो त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरची गोष्ट गुरुजींनी तेव्हा काढली. १५२८ मध्ये तो सॅक्सनीतल्या मंडळ्यांच्या पाहणीला हिंडला. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा येत नाहीत, आणि कित्येक पाळकांनाही शिकवता येत नाही, हे बघून तो वैतागला. १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मूळ शिकवण प्रश्न-उत्तरांत सांगणारी पुस्तिका, आली ती त्यातून. तिचे भाग आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले होते, आणि प्रत्येक भागावर लिहिलेलं, कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसं शिकवावं. पाळकाने नव्हे, घरातल्या माणसाने. "आपण भेटी केल्या, त्याने केल्या तशाच," गुरुजी म्हणाले. "आता तक्ते करू."

तर ते केले. सहा भाग: आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन. दोन महिन्यांना एक भाग, म्हणजे वर्षात एक फेरी. कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड बाजूला आम्हांला कुणी भाषांतरकार लागला नाही. बेटगेरीच्या घरातल्या एका आज्जींनी सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं, त्यांच्या नातवाने मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि बसून लिहून काढलं. तो नातू तोवर नाताळचा पाहुणा होता. झेरॉक्स काढून प्रत्येक घरात दिले. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी लावायचे, जेवायच्या आधी एक प्रश्न, एक उत्तर. पाच मिनिटांवर जायचं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लूथर सांगतो, लगेच आणि आनंदाने झोपी जा. हे वाक्य नाईट ड्युटीवाल्या पोरींना फार आवडलं. त्या सकाळी आठला ते पाळतात.

आज्ञांच्या भागात गंमत झाली. आमच्याकडं खोट्या साक्षीची आज्ञा आठवी. मेथडिस्ट घरातून आलेल्या सुनांच्या गणतीत ती नववी. दोन घरांत यावरून चांगलीच जुंपली. माहेरचं चूक की सासरचं चूक? पाळकसाहेबांनी रविवारी सांगितलं की आज्ञा त्याच, मोजणी वेगळी; रोमन कॅथलिकांची मोजणी आपल्यासारखी, मेथडिस्ट आणि इतरांची वेगळी. त्या आठवडाभर गावात जितकी चर्चा दहा आज्ञांवर झाली तितकी आधी झाली नसेल. आणि त्याच आठवीचा लूथरचा खुलासा, की शेजाऱ्याच्या बाजूने बोलावं, त्याच्या वागण्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा, हा कमिटीच्या बैठकीत प्रार्थनेऐवजी वाचला गेला. बैठक त्या दिवशी लवकर संपली.

भाषेचा प्रश्न मात्र असा हसत सुटला नाही. मुलांसाठी शुभवर्तमानाचं वाचन कन्नडातही व्हावं, असा प्रस्ताव आला आणि सभेत एकदम ताण आला. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. १९५६ पासून या भागात भाषा म्हणजे नुसती भाषा नाही. १ नोव्हेंबरला एकाच शहरात राज्योत्सवाची मिरवणूक आणि काळ्या दिनाची फेरी निघते. आमच्या धर्मसुधारणेच्या दिवसाच्या, ३१ ऑक्टोबरच्या, दुसऱ्याच दिवशी. एक ज्येष्ठ पंच उभे राहिले. "बाहेरच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लावायचं, तो कायदा. लावलं. आत तरी मराठी राहू द्या." त्यांचा आवाज कापत होता. त्यांना संकुचित म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. मराठी शाळा गेली, दाखले कन्नडात आले, बसच्या पाट्या बदलल्या. रविवारचा तास-दीड तास त्यांना आपल्या आईच्या बोलण्यात देवाशी बोलायचं होतं. पण त्यांच्याच नातीला गीत वाचता येत नव्हतं.

तोडगा त्या नववीतल्या मुलीने सुचवला. गाणी मराठीच ठेवा, पण कन्नड अक्षरांत लिहून द्या. इतकं साधं! शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, पोरांनी स्वतःच्या वह्यांत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं कन्नड लिपीत उतरवायला घेतली, आजी-आजोबांना विचारून विचारून. ळ आणि ल वरून भांडणं झाली. उपासनेचा क्रम मराठीच राहिला. शुभवर्तमान आधी मराठीत, मग कन्नडात, वाचणारा तरुण. ज्येष्ठ पंचांनी ठरावाला विरोध नोंदवला आणि पुढच्या रविवारी नातीच्या वहीत डोकावून एक ओळ दुरुस्त केली.

दृढीकरणाचंही, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीचंही, थोडं बदललं. पूर्वी झावळ्यांच्या रविवारच्या आधी काही आठवडे वर्ग, पाठांतर, पांढरे कपडे, फोटो, आणि मग ती पोरं थेट लग्नालाच दिसायची. आता प्रत्येक मुलामागं आईबाप सोडून मंडळीतलं एक मोठं माणूस, आणि दृढीकरण झालं की त्याच महिन्यापासून काम: वाचन, तबला, पायपेटी, माईक, नाहीतर बाहेरगावच्या वहीतला एक फोन. काही टिकली, काही नाही. तबल्याला मात्र दोन दावेदार झालेत.

गिटारवालं जोडपं परत आलं नाही. आम्ही त्यांच्याकडं अजून जातो, त्यांच्या घरात तक्ता आहे. एक घर भाषेच्या ठरावावरून नाराज होऊन दुसऱ्या मंडळीत गेलं. साध्या रविवारी बाकं पूर्वीपेक्षा भरलेली दिसतात, विशेषतः मधली. पावसाळ्यात गणेबैलकडं महिन्यातून एकदा तिथल्याच एका घराच्या सोप्यात उपासना होते, ती माणसं आम्ही आता मोजतो. यंदाचा तक्ता भरताना 'शिष्यत्व' या रकान्यात मी लिहिलं, 'प्रश्नोत्तरीची दुसरी फेरी चालू'. वरून फोन आला, "आकडा पाहिजे." मग भिंतीवर तक्ता असलेली घरं मोजून तो आकडा टाकला. रकान्यात बसला.

राहिली शनिवारची उपासना. नर्स पोरींसाठी शनिवारी संध्याकाळी छोटी उपासना ठेवावी, असा ठराव गेल्या सभेत पडला. शनिवारची उपासना ही उपासनाच नव्हे, असं म्हणणारे बरेच निघाले. पाळकसाहेबांनी तिसऱ्या, म्हणजे शब्बाथ पाळण्याच्या, आज्ञेचा खुलासा वाचून दाखवला. त्यात लूथर वाराबद्दल अवाक्षर काढत नाही. वचन तुच्छ मानू नका, आवडीने ऐका आणि शिका, एवढंच म्हणतो. तरी पडला. पाळकसाहेबांची मे महिन्यात बदली आहे, त्यामुळं मार्चच्या वार्षिक सभेत आम्ही तो पुन्हा आणतोय. विरोधकांतल्या दोघांच्या सुना यंदा आयसीयूत नर्स म्हणून लागल्यात. त्यांच्याकडं आधी चहाला जाऊन यायचं ठरलंय.